होमोफोन घोकू नका, आधी वेगळे काढा

होमोफोन म्हणजे उच्चार सारखा, पण अर्थ आणि बहुधा स्पेलिंगही वेगळं असलेले शब्द. 'शंभर होमोफोन' छापाची यादी वहीत चिकटवायची, रोज दहा जोड्या घोकायच्या आणि महिन्याभरानं मेलमध्ये 'देअर'चं स्पेलिंग पुन्हा चुकवायचं, हा प्रकार मुंबईतल्या क्लासांत मी नेहमी पाहते. मालाड-ऐरोलीला व्हॉइस प्रोसेसमध्ये, म्हणजे कॉल सेंटरच्या फोनकामात, लागलेली मुलं, दादरला आयल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करणारे, मराठी माध्यमातून थेट इंग्रजी कॉलेजात आलेले, सगळे एकाच ठिकाणी अडतात. समोच्चारी शब्दांची जगभर एकच यादी आहे, असं ते धरून चालतात. तशी ती नाही. काही जोड्या सगळीकडेच सारख्या ऐकू येतात. काही लंडनमध्ये सारख्या आणि न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या असतात. आणि काही फक्त आपल्या मराठी तोंडात एक होतात. बाकीच्या जगाला त्या वेगळ्याच अपेक्षित असतात. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ते एकत्र केले की घोडं पेंड खातं.

एक सूचना. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतील, म्हणून खाली 'थांबण्याचा वेट', 'वजनाचा वेट' असं अर्थावरून लिहिलं आहे. स्पेलिंगला महत्त्व असेल तिथेच अक्षरं दिली आहेत.

## तयारी: एक निर्णय, एक वही, एक शब्दकोश

निर्णय आधी. तुम्हाला कुणाचं इंग्रजी ऐकायचंय? अमेरिकन ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्यानं न्यूझीलंडचे स्वर शिकण्यात आठवडे घालवू नयेत. आयल्ट्सच्या लिसनिंगमध्ये मात्र ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन, कॅनेडियन असे कुठलेही आवाज येऊ शकतात, त्यामुळे तिथे सगळ्यांची तोंडओळख लागते. हा निर्णय वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आयल्ट्स सोडून 'सगळेच ॲक्सेंट' असं लिहिलंत, तर काहीच ठरवलेलं नाही.

वहीचं पान आडवं धरा आणि चार रकाने आखा: 'सगळीकडे सारखे', 'त्यांच्याकडे सारखे', 'माझ्याकडे सारखे', आणि शेवटी एक अरुंद रकाना, 'मी उगाच वेगळे करतो'. चौथा का लागतो ते पुढे कळेल.

शब्दकोश केंब्रिजचा किंवा ऑक्सफर्डचा, ऑनलाइन चालेल. त्यात प्रत्येक शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन उच्चार ऐकता येतात. कोणत्याही ॲपवरचा एकच यांत्रिक आवाज इथे कामाचा नाही.

सावधान: लोकलमध्ये उच्चारांचा सराव करू नका. 'स' आणि 'झ' यांच्यातला फरक बारीक असतो, गाडीच्या खडखडाटात तो पार बुडतो आणि कानाला चुकीची सवय लागते. मुंबईकराला मोकळा वेळ मिळतो तो गाडीतच, हे मान्य. मग तिथे पहिला रकाना घ्या, त्याला कान लागतच नाही. बाकीचे रकाने घरी, दार लावून.

## टप्पा १: प्रत्येक जोडी तपासून रकान्यात टाका

तुमच्याकडची कुठलीही जुनी यादी घ्या. एकेक जोडी शब्दकोशात उघडा, आधी दोन्ही शब्दांचे ब्रिटिश उच्चार लागोपाठ ऐका, मग दोन्हींचे अमेरिकन. तीन जोड्या करून दाखवते.

'आठवड्याचा वीक' आणि 'अशक्त वीक'. ब्रिटिश उच्चार सारखे, अमेरिकनही सारखे. पहिला रकाना.

'न्यायालयाचं कोर्ट' आणि 'पकडलं या अर्थाचं कॉट'. ब्रिटिश आवाजात दोन्ही हुबेहूब एक. अमेरिकन आवाजात पहिल्यात 'र' स्पष्ट, दुसऱ्यात नाही. दुसरा रकाना. आपल्याला हे ऐकूनही पटत नाही, कारण कोर्टातला 'र' आपण खणखणीत म्हणतो.

'थांबण्याचा वेट' आणि 'ओलं या अर्थाचा वेट'. दोन्हीकडे वेगळे. आता फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि तो दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. स्वतःचा कान स्वतःच्याच बाजूनं साक्ष देतो. ऐकणाऱ्याला फरक सांगता आला नाही, तर ही जोडी तिसऱ्या रकान्यात.

तपासा: वीस-पंचवीस जोड्या झाल्यावर तिसरा रकाना रिकामा असेल, तर तुम्ही आवाज दुसऱ्याला ऐकवलेला नाही.

सावधान: शब्दकोशातल्या उच्चारचिन्हांवर पूर्ण विसंबू नका. केंब्रिजमध्ये 'लिहिणारा रायटर' आणि 'स्वार रायडर' यांची अमेरिकन चिन्हं वेगळी दिसतात, पण 'ट'च्या चिन्हाखाली एक बारीक खूण असते. अमेरिकन माणूस तो 'ट' जवळजवळ 'ड'सारखा म्हणतो, एवढंच ती खूण सांगते. म्हणजे कानाला दोन्ही शब्द जवळजवळ एकच. तसंच ब्रिटिश उच्चारात शेवटचा 'आर' वर उचलून बारीक छापलेला दिसला, तर तो पुढे स्वर आला तरच म्हटला जातो.

## टप्पा २: पहिला रकाना, कानाला सुट्टी

या जोड्या ऐकून ओळखता येतच नाहीत, त्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकणं म्हणजे पाट्या टाकणं. इथे मराठी कामाला लावा. वाक्यातल्या त्या जागी मराठी शब्द घालून बघा.

'देअर'च्या जागी 'त्यांचं' बसतं, 'तिथे' बसतं की 'ते आहेत'? तिघांची तीन स्पेलिंगं. 'इट्स'च्या जागी 'ते आहे' बसलं तर ॲपॉस्ट्रॉफी, 'त्याचं' बसलं तर नाही. 'साइट'च्या जागी 'जागा' असेल तर एस-आय-टी-ई, 'दृष्टी' असेल तर एस-आय-जी-एच-टी, 'दाखला देणं' असेल तर सी-आय-टी-ई. 'वेदर'च्या जागी 'हवामान' की 'की नाही'. 'प्रिन्सिपल'च्या जागी 'मुख्य' की 'तत्त्व'. मराठीत हे शब्द एकमेकांच्या आसपासही फिरकत नाहीत, त्यामुळे उत्तर लगेच मिळतं. इंग्रजी व्याकरणाचे नियम पाठ करण्यापेक्षा मला ही वाट सरळ वाटते.

दोन जोड्यांसाठी मुंबईच्या रस्त्यावर फुकट सराव होतो. ट्रक-टेम्पोच्या मागे 'पॉवर ब्रेक' लिहिलेलं दिसलं की स्पेलिंग वाचा: गाडी थांबवणारा ब्रेक बी-आर-ए-के-ई, मोडण्याचा बी-आर-ई-ए-के. आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या पाट्या. वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय नं संपते. ए-आर-वाय लिहिलं तर ते 'जागेवर उभं राहिलेलं' दुकान होतं. दुकान तसं उभंच असतं म्हणा.

सावधान: साधा स्पेलचेक इथे वाचवत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच असतात. पाठवण्यापूर्वी मेलमध्ये फक्त पहिल्या रकान्यातले शब्द शोधून पुन्हा वाचा.

याच रकान्यात होणारी उलटी चूक म्हणजे स्पेलिंग वेगळं दिसतं म्हणून उच्चार वेगळा करायचा. त्यासाठीच चौथा रकाना आहे. 'पीठ' या अर्थाचा शब्द आपण 'फ्लोअर' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला फरशी ऐकू येते. तो 'फुला'च्या शब्दासारखाच, 'फ्लावर', म्हणायचा. हॉटेलातली मोठी खोली 'स्यूट' नव्हे, 'गोड'च्या शब्दासारखीच 'स्वीट'. 'पुरणं'चा शब्द 'बरी' नाही, फळाच्या 'बेरी'सारखा. 'शिवणं'चा 'स्यू' नाही, 'सो'. विमानातल्या दोन रांगांमधली वाट 'आइसल' नाही, 'आइल'. हा रकाना लहान असतो आणि एका बैठकीत संपतो. आधी तोच संपवा.

## टप्पा ३: दुसरा रकाना, समोरच्याचा ॲक्सेंट

इथे बोलायला काही शिकायचं नाही. समोरच्याच्या तोंडी कोणते शब्द एक होतात ते माहीत करून घ्यायचं, म्हणजे ऐकताना दोन्ही शक्यता हाताशी राहतात. तुम्ही ठरवलेल्या ॲक्सेंटचाच भाग वाचलात तरी चालेल.

दक्षिण इंग्लंड: स्वर पुढे नसेल तर 'र' गळतो. कोर्ट-कॉटसारखेच 'चटणीचा सॉस' आणि 'उगमाचा सोर्स' एक होतात, 'कायद्याचा लॉ' आणि 'लोककथांमधला लोर' एक होतात. लांबलेला 'ऑ' ऐकू आला की मनात विचारा, इथे लपलेला 'र' आहे का? लंडनच्या बोलीत अनेकांच्या तोंडी 'तीन'चा थ्री 'फ्री' होतो. किंमत विचारताना हे लक्षात ठेवा.

उत्तर इंग्लंड: 'ठेवणं'चा पुट आणि गोल्फमधला पट अनेकांच्या तोंडी एकच. आपण ज्या ठिकाणी 'अ' म्हणतो तिथे 'उ'सारखा स्वर ऐकू येतो.

स्कॉटलंड: 'र' ठसठशीत, त्यामुळे आपल्याला सोपं. पण 'ओढणं'चा पुल आणि पोहण्याचा पूल एक होतात. मराठी माणसाला हे घरच्यासारखं वाटेल.

आयर्लंड: अनेकांच्या तोंडी 'तीन' आणि 'झाड' जवळजवळ एक.

अमेरिका: सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण कामाचे फोन बहुतेक इथलेच. दोन स्वरांमधला 'ट' 'ड'सारखा होतो. 'धातूचा मेटल' आणि 'पदकाचं मेडल', 'नंतरचा लॅटर' आणि 'शिडीचा लॅडर', लिहिणारा आणि स्वार, या सगळ्या जोड्या कानाला जवळजवळ एक. पश्चिमेकडच्या बऱ्याच भागात आणि कॅनडात 'खाट' आणि 'पकडलं' एक होतात, तसंच डॉन हे पुरुषाचं नाव आणि पहाटेचा डॉन. दक्षिणेत 'टाचणीचा पिन' आणि 'लिहिण्याचं पेन' एक, म्हणून तिकडची माणसं मुद्दाम 'इंक पेन' म्हणतात.

अमेरिकनांच्या 'कॅन' आणि 'कान्ट'वर थोडं थांबते. हे दोन शब्द काटेकोरपणे होमोफोन नाहीत, पण यामुळे कॉल उलटेपालटे होतात. आपण 'कान्ट'मधल्या 'आ'ची आणि शेवटच्या 'ट'ची वाट बघतो. अमेरिकन माणूस 'आ' म्हणतच नाही आणि 'ट' गिळतो. मग ओळखायचं कसं? जोरावरून. 'मी येऊ शकतो' म्हणताना तो 'कॅन' दाबून नुसतं 'कन' करतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर देतो. 'येऊ शकत नाही' म्हणताना 'कॅन' पूर्ण, ठळक ऐकू येतो. म्हणजे स्पष्ट 'कॅन' ऐकू आला तर बहुधा नकार आहे. आपला अंदाज नेमका उलट असतो.

ऑस्ट्रेलिया: 'ए' आपल्या कानाला 'आय'सारखा लागतो. आयल्ट्समध्ये कुणी नावाचं स्पेलिंग सांगत असेल, तर 'ए' अक्षर 'आय' म्हणून लिहिलं जातं आणि गुण जातो. न्यूझीलंडमध्ये 'बीअर' आणि 'अस्वलाचं बेअर', 'कान' आणि 'हवा' अनेकांच्या तोंडी एक होतात, आणि त्यांचं 'पेन' आपल्याला 'पिन' ऐकू येतं.

यात त्यांचं इंग्रजी अशुद्ध आहे असं काही नाही. आपल्याकडे अनेकांच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो, मग 'मन' आणि 'मण' एक होतात. आपण पुढचं-मागचं ऐकून समजून घेतोच ना!

तपासा: ठरवलेल्या ॲक्सेंटमधली एक मिनिटाची बातमी निवडा. बीबीसी, ऑस्ट्रेलियाची एबीसी, न्यूझीलंडची आरएनझेड, काहीही चालेल. तीनदा ऐकून शब्दशः लिहा, मग सबटायटलशी ताडून बघा. आपोआप तयार होणारी सबटायटलंही होमोफोनवर चुकतात. तिथे वाक्याचा अर्थ कुणाच्या बाजूनं आहे ते बघा.

## टप्पा ४: तिसरा रकाना, आपलं तोंड

मेहनत खरी इथेच आहे. क्रम महत्त्वाचा, सगळं एकदम सुरू केलंत तर काहीच बसत नाही. आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रत्येक जोडी आधी कानानं वेगळी ओळखता आली पाहिजे, मगच तोंड उघडा.

पहिला 'व'. मराठीत एकच 'व' आहे, इंग्रजीत दोन. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि ओठ थरथरतो. डब्ल्यू म्हणताना दात कुठेच लागत नाहीत, ओठ 'उ' म्हणताना होतात तसे गोल होतात. आरशासमोर 'उ-एस्ट' म्हणा, हळूहळू जोडा: अंधेरी वेस्टचा वेस्ट. मग दात टेकवून बनियनचा व्हेस्ट. 'प्यायची वाइन' आणि 'वेलीचा व्हाइन', 'ओलं'चा वेट आणि 'जनावरांचा डॉक्टर' या अर्थाचा व्हेट याच पद्धतीनं.
तपासा: डब्ल्यूच्या शब्दात आरशात दात दिसून ओठाला लागले, तर पुन्हा.

दुसरा 'ए'. याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते मराठी माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. लिहिण्याचं पेन आणि वेदनेचं पेन, परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, विकण्याचा सेल आणि विक्रीचा सेल, मिळवण्याचा गेट आणि दाराचं गेट, आपण सगळं एकाच 'ए'वर चालवतो. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) फंडाचं काम करणाऱ्यानं परदेशी ग्राहकाला 'डेट' म्हटलं की त्याला तारीख ऐकू येते; बोलणारा कर्जाबद्दल बोलत असतो, ज्याच्या स्पेलिंगमधला 'बी' मुका आहे. तारखेच्या शब्दात 'ए'वरून 'इ'कडे घसरा: 'डेइट'. कर्जाच्या शब्दात 'ए' आखूड ठेवा आणि जबडा किंचित खाली सोडा, पण 'ॲ'पर्यंत जाऊ नका. दोन्ही एकदम जमत नसेल, तर आधी घसरण पक्की करा. तेवढ्यानंही बराचसा घोळ मिटतो.

तिसरा 'इ' आणि 'ई'. ऱ्हस्व-दीर्घाची वेलांटी शाळेत शिकलो म्हणून आपल्याला हे येतं असं वाटतं. लिहिताना येतं. बोलताना आपण शब्दातल्या जागेनुसार लांबी बदलतो, अर्थानुसार नाही. म्हणून 'मी ठाण्यात राहतो' आणि 'मी ठाणं सोडतो' यांतलं लिव्ह आणि लीव्ह एक होतं. भरण्याचा फिल आणि वाटण्याचा फील एक होतो.
सावधान: नुसतं लांबवून भागत नाही. 'उष्णतेच्या हीट'मधला स्वर पुढच्या 'ट'मुळे तसाही आखडतो. फरक जागेचा आहे: ऱ्हस्व 'इ' म्हणताना जीभ सैल सोडून थोडी 'ए'कडे उतरवा, दीर्घ म्हणताना हसल्यासारखे ओठ ताणा. 'भरलेलं' आणि 'मूर्ख' यांतल्या फुल-फूललाही हाच नियम, फक्त ओठ गोल.

चौथा शेवटचा 'स' आणि 'झ'. किमतीचा शब्द 'स'नं संपतो, बक्षिसाचा 'झ'नं. 'झ' जमत नाही असं म्हणू नका. 'आवाज' म्हणताना शेवटी जो ध्वनी निघतो, तोच हा. इथे एक जोडी तर आपण चक्क उलटी करतो: पोट बिघडलं की 'लूज मोशन' म्हणतो. सैल या अर्थाचा शब्द 'लूस' आहे. 'लूझ' म्हणजे हरवणं.

राहिलेलं पटकन. 'चा-ची-चे'चं काम करणारा शब्द 'ऑफ' नाही, 'अव्ह'. बंद करण्याचा मात्र 'ऑफ'. आणि 'थ': आपल्यात 'तीन' आणि 'झाड' वेगळे ऐकू येतात, कारण 'थ' आणि 'ट' आपल्याला वेगळे आहेत. परदेशी कानाला मात्र आपला 'थ' बऱ्याचदा 'ट'च वाटतो. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सोडत राहा, अडवू नका.

## टप्पा ५: चाचणी

फोनचं व्हॉइस टायपिंग उघडा आणि भाषा भारतीय इंग्रजी नाही, ब्रिटिश किंवा अमेरिकन ठेवा. भारतीय सेटिंग आपल्याला सांभाळून घेतं, मग चाचणीत राम उरत नाही. वाक्य बोलू नका. वाक्य दिलं की फोन संदर्भावरून अंदाज करतो आणि आपण पास झालो असं वाटतं. एकेक सुटा शब्द बोला.

माणसासोबतची चाचणी याहून चांगली. जोडीतल्या एका शब्दाला एक, दुसऱ्याला दोन असे आकडे द्या. तुम्ही पाठ करून बसा, उलटसुलट क्रमानं दहा शब्द म्हणा, समोरच्यानं फक्त आकडे लिहावेत. आळीपाळीनं एक-दोन-एक-दोन असं म्हणू नका, तो न ऐकताच बरोबर लिहील. दहापैकी आठ जुळले की पुढची जोडी. चार-पाच जुळले तर तो निव्वळ नशिबाचा आकडा आहे, आरशाकडे परत.

## टप्पा ६: चालू कॉलवर

सगळं करूनही शंका येणारच. तेव्हा 'पार्डन' म्हणून तोच शब्द पुन्हा मागवू नका. तो तसाच येईल. दोन्ही शक्यता समोर ठेवून विचारा: 'वजन म्हणताय की थांबायला सांगताय?' 'येऊ शकता की नाही?' आकड्यांत पंधरा-पन्नास, तेरा-तीस यांच्यावर कधीच विश्वास ठेवू नका. आकडा म्हणा आणि लगेच त्याचे अंक सुटे म्हणा: 'फिफ्टी, फाइव्ह-झीरो.' अमेरिकन 'थर्टी' 'थर्डी' होऊन येतो, पण सुटे अंक सहसा फसवत नाहीत.

नाव किंवा ईमेल पत्ता सांगताना अक्षरामागे शब्द जोडा: बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा, व्ही फॉर व्हिक्टर. आपल्या सवयीचे 'व्ही फॉर विजय' आणि 'डी फॉर दादर' परदेशी माणसाला कळत नाहीत. व्हिक्टर म्हणताना दात ओठाला टेकवा, नाहीतर अक्षर पुन्हा तिथेच अडेल. आणि अमेरिकन माणूस स्पेलिंग सांगताना 'झी' म्हणाला, तर ते झेड आहे. फोनवर ते 'सी' ऐकू येतं, म्हणून लिहिण्याआधी 'झीब्रातला का?' असं विचारून घ्या.